गव्हाला बंदी

सिद्रामनं काशीबाईचा डबा उघडला, भाकरी मोडून नाकाशी नेली आणि डबा तसाच भिंतीवर भिरकावला. डाळीची आमटी चुन्यावरून खाली ओघळली. पुढचा डबा नागनाथचा. त्यातही भाकरीच निघाली, पण सिद्रामचा हात आता थांबायला तयार नव्हता. त्यानं नागनाथच्या कानाखाली अशी वाजवली की तो पोत्यांच्या थप्पीवर जाऊन आदळला.

"पोळी कुणी आणली ते सांगा," सिद्राम म्हणाला. "नाहीतर एकेकाची चामडी लोळवीन."

चौदा माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती. सांगण्यासारखं कुणाजवळ काही नव्हतंच. नागनाथच्या कानातून रक्ताची बारीक धार आली होती आणि तो ती पिठाच्या हातानं पुसत होता.

आमच्या गिरणीत गव्हाला बंदी होती. मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागून बिराजदार बंधूंची ही दगडी चक्क्यांची गिरणी. ज्वारी, बाजरी, नाचणी दळायची आणि पीठ परदेशी धाडायचं. आधी ते आखातात जायचं, तिकडं गेलेल्या आपल्याच माणसांच्या भाकरीसाठी. मग थोरले बिराजदार, चन्नप्पा अण्णा, यांनी तीन वर्षं खेटे घालून जर्मनीतली पाव करणारी एक कंपनी गाठली. तिकडं काही माणसांना गहू सोसत नाही. कणभर पोटात गेला तरी आतडी सुजतात, लहान पोरं खंगत जातात. अशांसाठी ती कंपनी ज्वारीचे पाव करायची. त्यामुळं पोळी, बिस्कीट, शेवया, रवा, सगळं गिरणीच्या फाटकाबाहेर. होळीला पुरणपोळी खाऊन आलेल्या माणसाला आम्ही कपडे बदलायला लावायचो आणि चूळ भरायला लावायचो. आम्ही म्हणजे मीच. मी तिथला सुपरवायझर, बी.एस्सी. झालेला, बिराजदारांच्या लांबच्या नात्यातला. दळण सुरू होण्याआधी प्रत्येक चक्कीच्या तोंडावर कागदी सील लावून त्यावर सही करायचं काम माझं. लोक मला माघारी गव्हाचा फौजदार म्हणत, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

डिसेंबरातल्या त्या सकाळी जर्मनीहून ई-मेल आला. अण्णांचं इंग्रजी बेताचं, म्हणून मी मोठ्यानं वाचून त्याचं मराठी करत होतो. कंटेनर तिकडच्या बंदरात अडवला होता. पिठात गव्हाचा अंश सापडला होता. दहा लाख भागांत वीसपर्यंत चालतो तिथं एकशे तीस. सिद्राम, अण्णांचा धाकटा भाऊ, एवढंच ऐकून बाहेर धावला आणि डब्यांवर तुटून पडला. पुढचं त्यानं ऐकलंच नाही. पुढं असं होतं की दहा दिवसांत कारण लेखी कळवा आणि त्यावर काय केलंत तेही कळवा, नाहीतर हा व्यवहार इथंच संपला.

"कुठल्या दिवसाचं पीठ?" अण्णांनी विचारलं.

"नंबरावरून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं. पहिल्या घाण्यातलं."

"म्हणजे गिरणी दोन दिवस बंद होती त्यानंतरचं." अण्णा बोटांवर दिवस मोजत होते. "खंडेनवमीला आत कोण होतं?"

"दौलू होता," मी म्हणालो. "टाकी लावायला."

अण्णा उठले. त्यांचा आवाज सिद्रामसारखा चढत नसे, पण ते उठून उभे राहिले की माणसं आपोआप बाजूला होत.

दौलू त्या दिवशीही आतच होता. दर महिन्याला तो यायचा. दगड गुळगुळीत झाले की ज्वारी दळली जात नाही, नुसती चिरडते आणि पीठ करपतं. मग वरचा दगड उलटून त्याला छिन्नीनं नव्या खाचा पाडायच्या, यालाच टाकी लावणं म्हणतात. दौलूच्या घराण्याचं हेच काम, आणि त्याच्याइतका हात तीन जिल्ह्यांत कुणाचा नव्हता. चिमूटभर पीठ अंगठ्याखाली घासून तो सांगायचा, तीन नंबरच्या दगडाची डावी बाजू दमलीय. उघडून बघावं तर तसंच असायचं. पन्नाशीचा, काटक, नाकाला फडकं बांधलेला माणूस. तो टकारी समाजातला. तालुक्यात कुठंही चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी त्यांच्या वस्तीवर जायची, हे दौलूला माहीत होतं आणि आम्हालाही.

नाव कळताच डबे सोडून आत आलेल्या सिद्रामनं त्याला काही विचारलं नाही. दौलू उलटलेल्या दगडावर वाकून बसला होता, त्याच्या बरगडीत लाथ घातली. दौलू कलंडला. फडकं नाकावरून घसरलं.

"किती दिलं बे त्यांनी तुला?"

"कुनी, धाकले मालक?"

दुसरी लाथ पोटात बसली. आमच्या गिरणीपासून दोन मैलांवर दुसरी एक गिरणी होती, तीही या जर्मन गिऱ्हाइकाच्या मागं लागलेली. तिथल्या दगडांनाही दौलूच टाकी लावायचा. सिद्रामला एवढा धागा पुरला.

"त्यांच्याकडनं पैसे खाल्लेस आणि आमच्या चक्कीत गहू टाकलास. व्हय म्हण."

"म्या न्हाई टाकलं मालक. दगडाची आन."

सिद्राम बाहेर गेला आणि फाटकाजवळ ठेवलेली दौलूची पिशवी घेऊन आला. ती त्यानं फरशीवर उलटी केली. तंबाखूची डबी, चिलीम, लेकीसाठी घेतलेल्या बांगड्यांचं पुडकं. मग पिशवीची शिवण उसवून त्यानं झटकली आणि गव्हाचे चार-पाच दाणे फरशीवर पडले. खेड्यांतली माणसं दौलूला मजुरी धान्यात देत, घरोघरची जाती तो अजून करायचा. त्याच्या पिशवीत गहू असणारच. म्हणून तर ती पिशवी फाटकाबाहेर ठेवायचा नियम मीच केला होता. हे मला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं, पण त्या क्षणी ते चार दाणे बघून सगळ्यांचे चेहरे असे झाले की आता शहानिशा संपली.

अण्णा खाली बसले. दौलूचे केस धरून त्यांनी त्याचं तोंड वर केलं.

"हे बघ दौलू. मला मारामारीत रस नाही. मला त्या लोकांना कागद पाठवायचाय. तू लिहून दे, मी गहू टाकला, अंगठा उठव आणि जा घरी. पोलिसांत देत नाही."

"अंगठा उठवला तर कोन बोलवंल मला, अण्णा?" दौलूच्या दातांना रक्त लागलं होतं. "टाकीवाल्यानं चक्कीत घाण केली म्हटल्यावर कोन दगडाला हात लावू दील? पोरीचं लगीन हाय फाल्गुनात."

"मग हातच ठेवू नकोस," सिद्राम म्हणाला.

अण्णांनी त्याला अडवलं नाही. ते उठून खिडकीशी गेले. सिद्रामनं दौलूला दगडाजवळ ओढला, त्याचा उजवा हात नव्या खाचांवर पालथा दाबला आणि दौलूचीच हातोडी उचलली. दौलू वळवळला. हात निसटला.

"गुरुनाथ, मनगट धर," सिद्राम मला म्हणाला.

मी गुडघे टेकून बसलो आणि दोन्ही हातांनी दौलूचं मनगट धरलं. त्याची नाडी माझ्या अंगठ्याखाली उडत होती. दौलू माझ्याकडं बघत होता.

तेवढ्यात दारात महानंदावहिनी आल्या, अण्णांच्या पत्नी. बिराजदारांचं घर गिरणीच्या मागच्या अंगाला, आरडाओरडा तिकडं ऐकू गेला असणार. पाचवा महिना चालू होता त्यांना. दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोट पडलं, त्यानंतरचं हे तिसरं. एक हात चौकटीवर, एक हात पोटावर, अशा त्या उभ्या राहिल्या. दगडावरचा हात त्यांनी बघितला, हातोडी बघितली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्यांच्याकडं बघून मान हलवली. गरोदर बाईनं असलं बघू नये म्हणून मी त्यांना परत पाठवतोय, असं सगळ्यांना वाटलं.

"आत जा," अण्णा मागं वळूनही न बघता म्हणाले. वहिनी गेल्या.

सिद्रामनं पहिला घाव तर्जनीवर घातला. हाड मोडल्याचा आवाज फारसा मोठा येत नाही, सुकी काटकी पायाखाली यावी तेवढाच येतो. "व्हय म्हण," सिद्राम म्हणाला. दौलूनं मान नाही म्हणून हलवली. दुसरा घाव मधल्या बोटावर बसला आणि रक्ताचा शिंतोडा माझ्या सदऱ्यावर उडाला. "व्हय म्हण." दौलूच्या तोंडाला फेस आला होता, तरी मान तशीच हलली. तिसऱ्या घावाला त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून काशीबाई बाहेर मोठ्यानं रडायला लागली. सिद्रामनं चौथ्यांदा हातोडी उचलली तेव्हा अण्णा म्हणाले, "बास." माणुसकीनं नव्हे. दौलू बेशुद्ध पडला होता, आणि बेशुद्ध माणूस अंगठा उठवत नाही.

अंगठा मग त्यांनी उठवून घेतलाच नाही. त्याची गरज पडली नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ती मी इतका वेळ का राखून ठेवली हे कुणी विचारलं तर माझ्याकडं उत्तर एकच आहे, मी ती सोळा वर्षं राखूनच ठेवत आलोय.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा होते. बिराजदारांच्या घरात चक्कीच्या दगडाला देवी मानायचे आणि घरातली सून त्या दिवशी दगडाची ओटी भरायची. खण, नारळ, हळकुंड आणि सव्वा किलो गहू, तेही चक्कीच्या तोंडात ओतायचे. जर्मनीचं काम सुरू झालं तसा मी हा प्रकार बंद केला. गव्हाऐवजी तांदूळ, असं अण्णांना पटवून दिलं. दोन वर्षं तांदळाची ओटी भरली गेली आणि त्याच दोन वर्षांत वहिनींचं पोट दोनदा पडलं. म्हातारी सासू बसल्या जागेवरून रोज ऐकवायची, देवीची ओटी पालटली, ती तुझी कशी भरेल. मी विज्ञान शिकलेला माणूस, मला त्यावर हसू आलं होतं. वहिनींना हसू येण्यासारखं काही नव्हतं.

त्या खंडेनवमीला सकाळी दौलूनं दगडांना टाकी लावली. दगडाचा बारीक चुरा निघून जावा म्हणून दहा किलो ज्वारी दळून ते पीठ आम्ही फेकून दिलं. मग मी चक्कीच्या तोंडावर सील लावलं, सही केली. दुपारी पूजा झाली, तांदळाची ओटी सीलवरच ठेवून उचलली, घरची मंडळी जेवायला गेली. दौलू कोपऱ्यात हत्यारं फडक्यात बांधत बसला होता. आणि वहिनी परत आल्या. पदराखाली पितळी डबा होता.

"गुरुनाथभावजी, यंदा मला गव्हानं भरू द्या," त्या म्हणाल्या. "तिसरा महिना लागलाय. हेही गेलं तर मला या घरात जागा नाही."

मी नाही म्हणालो. त्यांनी माझे पाय धरले. वयानं, मानानं मोठी बाई माझ्या पायावर डोकं ठेवून रडत होती. मी सील फोडलं. त्यांनी ओटी भरली, हात जोडले, डोळे पुसले आणि गेल्या. मग मी चक्कीच्या तोंडात हात घालून गहू ओंजळी-ओंजळीनं बाहेर काढले, पार खालपर्यंत चाचपून काढले, आणि मला वाटलं सगळे निघाले. थोडे आत दगडात उतरले असतील असा विचार मनात आला होता. तसं असतं तर दगड पुन्हा उलटावा लागला असता, अण्णांना कारण सांगावं लागलं असतं. मी नवीन कागद चिकटवला आणि त्यावर सही केली.

म्हणजे ई-मेलातला तो नंबर मी वाचला तेव्हाच मला सगळं कळलं होतं. अण्णांनी खंडेनवमीला आत कोण होतं विचारलं. त्या दुपारी आत आम्ही तिघं होतो. मी एकाचं नाव सांगितलं.

दौलूला सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात मीच घेऊन गेलो. दगड उलटताना बोटं सापडली, असं मीच लिहून दिलं. डॉक्टरांनी तिन्ही बोटं काढली. दौलूची बायको दवाखान्याच्या पायरीवर बसून होती, नुसती माझ्या सदऱ्याकडं बघत राहिली. गिरणीत परतल्यावर अण्णांनी मला जर्मनीला कागद लिहायला बसवलं. रोजंदारीवरच्या एका बाहेरच्या माणसानं निष्काळजीपणे पिशवीतून गहू आत आणला, त्याला कायमचं काढून टाकलंय, असं मी स्वच्छ इंग्रजीत लिहिलं. त्यांचं चार दिवसांत उत्तर आलं. तातडीनं पावलं उचलल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते. पुढचा कंटेनर जानेवारीत गेला.

वहिनींना वैशाखात मुलगी झाली. बारशाला मी गेलो. पेढा हातात देताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, मीही बघितलं नाही. त्यानंतर वर्षभरात मी नोकरी सोडली आणि अक्कलकोटच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. पोरांना मी प्रयोगवहीत खाडाखोड करू देत नाही. जे दिसलं तेच लिहा म्हणून छड्याही मारतो. घरी येऊन मात्र जेवण जात नाही.

गेल्या वर्षी दौलूच्या वस्तीवर गेलो. का गेलो, तर पंधरा वर्षं जाणार जाणार म्हणत होतो आणि मधुमेहाच्या डॉक्टरांनी मला जरा घाबरवलं होतं. दौलू दारात बाजेवर बसला होता. म्हातारा झाला होता, दात गेले होते. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी यांच्यात त्यानं विडी धरली होती. मला त्यानं लगेच ओळखलं. बाजेवर सरकून जागा केली.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. पोरीचं लग्न त्या फाल्गुनात मोडलं, दोन वर्षांनी दुसरीकडं झालं. टाकीचं काम कुणी पुन्हा दिलं नाही. मुलगा पुण्यात इमारतींवर फरशी बसवतो. हे सगळं त्यानं हवापाण्याच्या गप्पा कराव्यात तसं सांगितलं, आणि मला ते ऐकवेना.

"दौलूमामा," मी म्हणालो, "ते सील मी फोडलं होतं. गहू मीच टाकू दिले."

"ठावं हाय की," तो म्हणाला. "म्या हत्यारं बांधीत तितंच बसलो हुतो न्हवं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलनार? बाईचं नाव घ्यावं लागलं असतं. धाकल्याच्या अंगात त्या दिशी सैतान शिरला हुता. पोटुशी बाई ती. माझी बोटं गेली, तितं काय गेलं असतं सांगा."

त्यानं विडीचा झुरका घेतला.

"तुमास्नी बाईचं नाव घ्यायचं कामच न्हवतं, सायेब. सील म्या फोडलं, गहू म्या सांडलं, एवढंच म्हणायचं हुतं. तुमी त्यांच्या नात्यातलं. एक थोबाडीत बसली असती, लई तर नोकरी गेली असती. ती तशीबी गेलीच न्हवं?"

"गेली," मी म्हणालो.

"म्या हात का ओढून घेतला न्हाई, ध्यानात आलं का कदी? धाकल्याच्या हातातनं सोडवला हुता म्या. पर तुमी धरला तवा म्हनलं, असू दे. ह्यो मानूस समदं जाणतो, ह्यो आता बोलतोय. पयल्या बोटाला म्हनलं, बोलतोय. दुसऱ्याला म्हनलं, आता बोलतोय. तिसऱ्याला वाट बगायचं सोडलं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं, पाय धरता आले असते. त्यानं विडी बाजेच्या पायाला चुरगळून विझवली आणि आत हाक मारून सायबांसाठी चहा ठेव म्हणून सांगितलं. त्याच्या बायकोनं चहा आणून माझ्या हातात दिला, आणि मी तो प्यालो.